चालत्या माणसाचं दुखणं

संधिवाताला आपल्याकडे आजाराचा मान नाही. ताप आला की माणूस अंथरूण धरतो, साप चावला की गाव गोळा होतं. सांधे धरले तर ‘वात हाय, वय झालं’ एवढ्यावर विषय मिटतो. तामलवाडीच्या माझ्या चुलतीचं तेव्हा वयही झालेलं नव्हतं. पहाटे धार काढायला बसली की म्हशीच्या सडाभोवती तिची मूठ वळेना. उन्हं वर आली की बोटं सैल व्हायची. त्यामुळे दुपारी तिला खुरपताना पाहणाऱ्याला ती ठणठणीत वाटे, आणि सकाळची तक्रार म्हणजे कामाचा कंटाळा ठरे.

पुढची वाट नेहमीचीच. आधी तेल, मग लेप, मग सुई. सुई दिली की दुसऱ्या दिवशी हात हलका होतो आणि डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं सगळ्या आळीचं मत पडतं. अशा सुईत अनेकदा स्टिरॉइड असतं. ते सूज दडपतं. एकट्याच्या बळावर रोग थोपवणं त्याच्याकडून होत नाही. तोवर आत सांध्याचं अस्तर सुजत राहतं, कुर्चा आणि हाड कुरतडलं जातं, बोटं करंगळीकडे कलू लागतात. संधिवाताच्या या प्रकाराला आमवात म्हणतात. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटलेली असते. म्हणून हा आजार हाडाच्या डॉक्टरच्या प्रांतात पुरता येत नाही. त्याचा खरा जाणकार रुमॅटॉलॉजिस्ट, आणि तो पुण्या-मुंबईकडे जितका सहज सापडतो तितका आपल्याकडे सापडत नाही.

तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, जवळपास मधोमध. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. पण दुखलंखुपलं की पाय वळतात ते सोलापूरकडे, कारण जिल्ह्याचं ठिकाण तुळजापूरच्याही पुढे. सरकारी खर्चानं उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी योजनाही 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं, उस्मानाबाद (म्हणजे आजचं धाराशिव) नव्हतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती राज्यभर झाली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव मिळालं, मग केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली. पिवळ्या, केशरी रेशनकार्डाची कुटुंबं आत होतीच. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत आपला जिल्हा असल्यानं पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही आत आले. आता तर राज्यातलं प्रत्येक कुटुंब त्यात आहे, आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च सरकारच्या माथी. चुलतीचं योजनेचं कार्डही झालं. सुजलेला अंगठा मशीनवर नीट टेकेना, म्हणून दुकानातल्या पोरानं तिचं बोट धरून दाबलं तेव्हा ती कळवळली. पण कार्ड हातात आल्यावर हरखलीही.

तेव्हापासून घरात एकच प्रश्न सुरू झाला : कार्डावर बघणारा संधिवाताचा डॉक्टर कुठं हाय? पाहुण्यांना विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, ओळखीतल्या नर्सबाईंना विचारलं. खासगी तज्ज्ञ सापडला, पण त्याच्याकडे कार्ड चालेना. कार्ड चालणारं रुग्णालय सापडलं, तर तिथे तज्ज्ञ नव्हता. शेवटी एका रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रानं अदबीनं सांगितलं, “काकू, भरती झालात तर बघता येईल. ओपीडीतल्या गोळ्या यात बसत नाहीत.” चुलतीनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “म्हंजी आडवं पडल्यावरच कार्ड चालतंय व्हय?”

योजनेची सारी मेख या प्रश्नात आहे. तिच्यातले उपचार प्रामुख्यानं भरती होऊन घ्यायचे. ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारख्या आजारांनी माणूस अत्यवस्थ झाला तर दार उघडतं. सांधा पार झिजून बदलायची वेळ आली, तर शस्त्रक्रियेलाही वाट आहे. पण तो सांधा झिजू नये म्हणून लागते ती आठवड्याची गोळी, ठरावीक काळानं रक्ताची तपासणी आणि वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरची नजर. हे सगळं चालत येऊन चालत जाणाऱ्या माणसाचं. त्याच्यासाठी मात्र खिशात हात घालावा लागतो. शेत बुडाल्यावर भरपाई द्यायची, बांध घालायला मात्र पैसा द्यायचा नाही, तशातली ही गत.

हे दुखणं दुर्मीळ असतं तर गोष्ट निराळी. पण सोलापूरहून पुण्याला जाताना भिगवण लागतं ना, त्याच गावात 1996 मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमातली ती पाहणी. चार हजारांहून अधिक प्रौढांत साधारण 18 टक्के लोकांना स्नायू-सांध्यांचं दुखणं निघालं, आणि आमवात सुमारे अर्ध्या टक्क्याला. अर्धा टक्का म्हणजे किती? 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती. भिगवणचा दर इथल्या नुसत्या प्रौढांना लावला, तरी पाच हजारांवर माणसं होतात. त्यांत बायका जास्त, कारण हा आजार बाईला पुरुषाच्या दोन-तीन पट गाठतो.

चुलतीची गाडी रुळावर आली ती सोलापूरच्या सिव्हिलमध्ये. हाडाच्या ओपीडीतून तिला मेडिसीनकडे पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासलं आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. बाईंनी विचारलं, “कोणता वार विसरणार नाही?” चुलती म्हणाली, “मंगळवार. देवीचा वार हाय.” तेव्हापासून पाकिटावर पेनानं ‘मंगळवार’ लिहिलेलं असतं. त्या रात्री मळमळतं, पण महिन्या-दोन महिन्यांत पहाटे मूठ वळू लागली. रुमॅटॉलॉजिस्ट तिला अजून भेटलेला नाही.

मेथोट्रेक्सेट महाग गोळी नाही. ती देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी सरकारनं प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणून दाखवली. मग तज्ज्ञानं एकदा सुरू करून दिलेली ही गोळी, सोबतची फॉलिक ॲसिड आणि रक्त-यकृताची तपासणी तिथेच का मिळू नये? तज्ज्ञ जिल्ह्याला महिन्यातून एक दिवस आला तरी पुष्कळ होईल. बाकीचे दिवस गावाजवळचा डॉक्टर सांभाळू शकतो. पाच लाखांचं छत्र चांगलंच आहे, पण अशा पेशंटला त्यातले थोडे हजार वेळेवर मिळाले, तर उरलेल्या लाखांची गरजच पडणार नाही.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं : घरातल्या बाईची बोटं सकाळी तासभर वळत नसतील, सांधे सुजत असतील आणि याला सहा आठवडे होऊन गेले असतील, तर वय झालं म्हणू नका. तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, आणि केसपेपर मेडिसीनचा काढा.