वाडा आणि यंत्राची स्मृती

संगणकाच्या 'मेमरी'ला मराठीत 'स्मृती' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो आम्हांस कधीच पटला नाही. स्मृती म्हणजे माणूस गेल्यावरही मागे उरते ती. संगणकाची मेमरी तर वीज बंद होताच पुसून जाते. जे जपून ठेवावयाचे ते यंत्र निराळ्या कोठारात ठेवते. मेमरीत असते ते फक्त हाती घेतलेले काम. तेव्हा तिला स्मृती म्हणण्यापेक्षा मेज म्हणणे अधिक सयुक्तिक. हे मेज भरून वाहू लागले की काय अनर्थ होतो, हे गेल्या वर्षी आमच्या घराने अनुभवले. परप्रांतातील अनेक मराठी घरांत आज ॲपलचा मॅक आणि त्यावर खेळणारी मुले असतील. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा सारा प्रपंच.

बडोद्यास दांडिया बाजारात आमच्या आजोबांचा वाडा होता. वाटण्या झाल्या, वाडा पडला आणि त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. कोयलीस वाढलेली आमची कन्या, इंदूरला स्थायिक झालेल्या थोरल्या बंधूंची मुलगी आणि मेलबर्नला असलेल्या धाकट्या भगिनीचा मुलगा, या तिघांपैकी कोणीही तो पाहिलेला नाही. या तिघांनी रविवारी दुपारी एकत्र जमून तो वाडा संगणकावर उभारण्याचे मनावर घेतले. खेळाचे नाव माइनक्राफ्ट. चौकोनी ठोकळ्यांनी जग रचण्याचा हा खेळ २००९ साली स्वीडनमध्ये जन्मला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. तीन ठिकाणची तीन मुले एकाच वेळी एकाच जगात वावरतात, हे त्याचे वैशिष्ट्य. ते जग भाच्याच्या घरच्या संगणकावर साठविलेले होते.

प्रथम आम्ही याकडे खेळ म्हणूनच पाहिले. पुढे प्रश्न येऊ लागले. "मामा, ओटी आणि माजघर यांच्यामध्ये दार होते की नुसती चौकट?" "काका, कोनाडा किती खोल?" "परसूतल्या आडाला पायऱ्या होत्या का?" जन्मापासून इंग्रजी शाळेत शिकणारा भाचा 'माजघर' हा शब्द सहज उच्चारतो, हे ऐकून सौभाग्यवतींनी हातातले निवडणे बाजूला ठेवले. जी गोष्ट आमच्या भगिनीस दहा वर्षे दटावून साधली नव्हती, ती ठोकळ्यांनी साधली होती.

आणि नेमके तेव्हाच यंत्राने असहकार पुकारला. कन्येचा मॅक आत्याने दिलेला, तिचा वापरून झालेला, ८ जीबी मेमरीचा. तुळशीवृंदावनाजवळून चौकाकडे तोंड वळविले की पडदा गोठे आणि क्षणार्धात खेळ बंद पडे. बोलणेही त्याच यंत्रावरून चाले, तेही अडखळे. चार रविवार हेच झाले. पाचव्या रविवारी भाचा म्हणाला, "मामा, मी आज शाळेतल्या मित्रांबरोबर खेळतो." ते मित्र अर्थातच इंग्रजी बोलणारे. आम्ही सावध झालो ते तेव्हा.

शहरातील एका दुकानदाराने यंत्राकडे दोन मिनिटे पाहून "नवे घ्या" असा निकाल दिला. त्यात एवढे तथ्य होते, की ॲपलच्या २०२० पासूनच्या एम-मालिकेतील यंत्रांत विकत घेतल्यानंतर मेमरी वाढविता येत नाही. परंतु मेज लहान आहे हे निदान नव्हे. मेजावर काय पसरले आहे, हे पाहणे म्हणजे निदान.

कन्येने समजावून सांगितले आणि आम्ही ते बडोद्याच्या भाषेत लावून घेतले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस आणवून ज्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला, ते वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. पोलादी मांडण्यांतील ग्रंथसंग्रह हे संगणकाचे कोठार. वाचनकक्षातील मेज ही मेमरी. वाचक मेजावर पुस्तके मागवितो. जो पुस्तके मागवीतच राहतो आणि परत करीत नाही, त्याच्यामुळे मेज भरते आणि शेजाऱ्यासही बसावयास जागा उरत नाही.

येथे एक बारकावा आहे. या खेळाची मॅकवर चालणारी आवृत्ती 'जावा' या संगणकीय भाषेत लिहिलेली आहे. जावा मेजाचा एक ठराविक कोपराच खेळास आखून देते. आमच्या यंत्रावर तो २ जीबींचा होता. म्हणजे 'मेज भरले' याचे अर्थ दोन. एक तर खेळाचा कोपरा भरला आणि बाकी मेज रिकामे आहे. किंवा सारे मेजच भरले आहे. दोहोंचे उपाय परस्परविरुद्ध असल्यामुळे आधी भेद ओळखला पाहिजे. खेळ कोसळल्यावर तो जो अहवाल लिहून ठेवतो, त्यात 'आउट ऑफ मेमरी' आणि 'हीप' हे शब्द असतील तर कोपरा भरला. मॅक स्वतःच 'ॲप्लिकेशन मेमरी संपली' अशी पाटी दाखवीत असेल तर मेज भरले. खेळ चालू असताना 'एफएन' आणि 'एफ-३' या कळा एकदम दाबल्या की कोपरा किती टक्के भरला ते दिसते. मॅकमधील 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' उघडून 'मेमरी' या भागात गेले, की मेजावरील दाबाचा आलेख दिसतो: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे संकट.

दाब ही कल्पना कोयलीकरास शिकवावी लागत नाही. १९६५ पासून येथे गुजरात रिफायनरी चालू आहे. रात्री तिच्या उंच नळीवरील ज्योत लांबवर दिसते. आत दाब वाढला, की जादा वायूस वाट देऊन तो जाळतात. कारखाना विकून नवा घेत नाहीत.

आमच्याकडे आधी कोपरा भरत होता. इंदूरच्या पुतणीने सुचविले, "खेळाला ६ जीबी देऊन टाक." कन्येने दिले. खेळ कोसळण्याचे थांबले. पण आता सारा मॅकच गोगलगाय झाला आणि आलेख तांबडा झाला. आठांतील सहा एकट्यास दिल्यावर बाकीच्यांनी बसावे कोठे? शिवाय एम-मालिकेत चित्रे रंगविणाऱ्या भागास वेगळी मेमरी नसते. तोही त्याच मेजावर जेवतो. आणि कन्येने तर दगड-लाकूड खरे दिसावे म्हणून बारीक चित्रांचा संच बसविला होता. मूळ खेळात ठोकळ्याच्या एका बाजूचे चित्र १६ गुणिले १६, म्हणजे २५६ ठिपक्यांचे. नव्या संचात १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ ठिपक्यांचे. चौसष्ट पट!

उरले ते दृश्यमर्यादेचे गणित. खेळातील जग १६ गुणिले १६ ठोकळ्यांच्या खंडांत विभागलेले असते. २०२१ नंतरच्या आवृत्तीत खंडाची उंची ३८४ ठोकळे. म्हणजे एका खंडात ९८,३०४ जागा. भाच्याच्या दणकट यंत्रास झेपते म्हणून त्याने मर्यादा २४ ठेवली होती. चहूंकडे २४ खंड दिसावयाचे तर चौरसाच्या हिशेबाने ४९ गुणिले ४९, म्हणजे २,४०१ खंड आणि सुमारे २३ कोटी ६० लाख जागा. मर्यादा १० केली तर २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ खंड आणि सुमारे ४ कोटी ३३ लाख. रिकाम्या जागांस यंत्र फारसे मेज देत नाही हे खरे. तरी प्रमाण तेच राहते. अंतर निम्म्याहून थोडे कमी केले आणि भार पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला. वर्गाचे हे सामर्थ्य आम्ही फळ्यावर शिकवीत आलो. ते घरात असे उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते. वाडा तर चार खंडांतच मावतो. मग क्षितिजापर्यंतचे डोंगर मेजावर मांडण्याचे प्रयोजन काय?

उपाय असे ठरले. खेळाच्या मांडणीत जावाच्या सूचनांची एक ओळ असते. तीत 'एक्सएमएक्स' या अक्षरांपुढील अंक ३ केला, म्हणजे कोपरा ३ जीबींचा झाला. दृश्यमर्यादा १० केली. बारीक चित्रांचा संच काढून मूळ चित्रे परत आणली. खेळतेवेळी इतर खिडक्या मिटविण्याचा दंडक घातला. अभ्यासाच्या ध्वनिचित्रफितींची सतराशे साठ पाने उघडी असत. प्रत्येक बदल एका वेळी एकच केला आणि प्रत्येकानंतर आलेख पाहिला, नाही तर गुण कशाने आला ते कळत नाही. आलेख हिरवा झाला. दोन तास सलग खेळल्यावर तो अजूनही पिवळा होतो. तेव्हा चहाच्या वेळी खेळ बंद करून पुन्हा सुरू करतात. वाडा कोठारात सुरक्षित असतो. त्याची एक वीटही हलत नाही.

बडोदे असो, इंदूर असो वा तंजावर, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांची भाषाही याच धर्माची आहे. ग्रंथालयांत, ट्रंकांत, आजीच्या वह्यांत ती सुरक्षित आहे. नाहीशी झालेली नाही. मुलांच्या मेजावर मात्र तिला जागा हवी असते, आणि ते मेज लहान असते. तेथे आधीच इंग्रजी, गुजराती, हिंदी मांडलेल्या आहेत. त्या उचला असे म्हणणे अन्याय होय, आणि त्याचा उपयोगही नाही. आठवड्यातून दोन तास एक कोपरा तिला नेमून द्यावा आणि तो मोडू देऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

भाचा परत आला आहे. सध्या बांधकाम आडापाशी अडले आहे. आडाच्या पायऱ्या थोरले बंधू इंदुराहून अकरा सांगतात. आमच्या मते त्या नऊ होत्या. मुलांनी दोघांसही रविवारी हजर राहण्याचे फर्माविले आहे.