"आज काय आहे गं?"



"वय झालं की विसरायला होतंच," असं आपण सहज म्हणतो. पण चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि काही तासांची पाटीच कोरी होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात घरी थांबायचं नसतं, म्हणून आज लिहितेय.

दशलक्षण पर्वात माझ्या 68 वर्षांच्या सासूबाई पहाटे गार पाण्याने आंघोळ करून मंदिरात निघाल्या होत्या. दारात थांबून म्हणाल्या, "आज काय आहे गं?" मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. असं वीसेक वेळा. आम्हा सगळ्यांना ओळखत होत्या, माहेरचं सगळं सांगत होत्या, णमोकार मंत्रही बिनचूक म्हणाल्या. नुकतीच केलेली आंघोळ मात्र आठवेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उपवासाचा थकवा असेल, पडू दे जरा." ह्यांनी ऐकलं नाही, गाडी काढली.

साखर, बीपी, ईसीजी, एमआरआय सगळं झालं. पक्षाघात नव्हता. दुपारी प्रश्न थांबले. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया. 1964 साली फिशर आणि अ‍ॅडम्स यांनी याचं सविस्तर वर्णन केलं. नव्या आठवणी साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग काही तास काम करेनासा होतो. बहुतेकदा 50 ते 70 या वयात होतं आणि 24 तासांच्या आत ओसरतं. गार पाणी, अतिश्रम, मनाला बसलेला धक्का ही निमित्तं असू शकतात. बहुतेकांना पुन्हा होत नाही आणि यामुळे पुढे पक्षाघाताचा धोका वाढल्याचं सहसा दिसत नाही.

मग धावपळ कशाला? कारण मेंदूच्या त्याच भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी असाच विसर पडू शकतो, आणि फरक घरात बसून कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं यांतलं काही सोबत असेल तर क्षणही दवडू नका. 108 ला फोन करा. माणूस शेवटचं नीट कधी बोललं, ती वेळ लिहून ठेवा.

सासूबाईंची ती सकाळ परत आली नाही. "माझी पूजा झाली का गं?" असं अजून विचारतात, पण आता हसून.

आणि एक. उपवास असो, चौविहार असो, बीपीची गोळी मनाने बंद करू नका. पर्वाच्या आधीच डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ ठरवून घ्या.