आकड्यांची परतवाट

कारकुनाचे आयुष्य आकड्यांना वर पाठविण्यात जाते. टेबलावर आलेला आकडा तक्त्यात बसतो, तक्ता जबलपूरला जातो, तेथील गोषवारा भोपाळला आणि भोपाळचा दिल्लीला. वाटेत त्याची बेरीज होते, सरासरी निघते, क्वचित भाषणातही तो झळकतो. परंतु ज्या गावातून तो निघाला त्या गावी परत आल्याचे मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही. सासरी गेलेली मुलगीदेखील सणावारी माहेरी येते. आकड्याला तेवढेही माहेरपण नाही.

सिहोऱ्याला बदली झाल्यापासून हा विचार मनात अधिकच घोळतो. आमच्या शेजारी एक आरोग्यसेविका राहतात. दिवसभर खेड्यांतून हिंडून आल्यावर संध्याकाळी त्या ओट्यावर नोंदवह्या पसरून बसतात. गर्भवतींची वही निराळी, लसीकरणाची निराळी, जन्ममृत्यूची आणखी निराळी. २००८ पासून आरोग्यखात्याची ही सारी माहिती देशभर संगणकावर एकत्र होऊ लागली. तरी वह्या काही सुटल्या नाहीत. मी एकदा विचारले, "दीदी, या आकड्यांचे पुढे काय होते?" त्या हसून म्हणाल्या, "ऊपर जाते हैं, भैया."

या 'ऊपर'वरून मला डॉ. अभय बंग यांचे स्मरण होते. आरोग्याची माहिती कोणी गोळा करावी आणि कोणासाठी करावी, हा प्रश्न त्यांच्या संशोधनात पदोपदी भेटतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते आणि डॉ. राणी बंग स्वदेशी परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था उभारली. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे आसपासची खेडी. गावातील जन्ममृत्यूंची नोंद गावातच होई, आणि तिच्यातून निसटलेले शोधण्यासाठी दर सहा महिन्यांनी घरोघर फेरी निघे. जन्मून काही तासांत गेलेले मूल पुष्कळदा कोणत्याच वहीत नसते. ज्याचे नावही ठेवले गेले नाही, त्याची नोंद कोण करणार? अशा मुलांना निदान मोजले तरी जावे, हा त्या साऱ्या खटाटोपाचा गाभा होता.

त्यांच्या साधनांपैकी मला सर्वांत मोह पडतो तो श्वास मोजण्याच्या साध्या चौकटीचा. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लाल मणी सरकला, की बाळाला न्यूमोनिया असल्याचा संशय धरून उपचार सुरू करायचा. ज्या सुईणीला शंभरापर्यंत मोजता येत नव्हते, तिच्याही हाती निदान आले. तो आकडा कोठेही वर गेला नाही. तो सुईणीच्या बोटांतून तिच्या डोळ्यांपर्यंत गेला आणि तेथूनच बाळाच्या औषधाकडे वळला.

पुढे गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये भारत सरकारने ही गृहभेटींची पद्धत 'आशा' कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली. म्हणजे गडचिरोलीचा आकडा दिल्लीला गेला खरा, पण खेड्यापाड्यांतील बाळंतिणीच्या खोलीपर्यंत परतही आला.

आपण महाराष्ट्राबाहेर नोकरी करणारी माणसे बहुधा कागदांच्या वाटेवरच भेटतो. वरच्या कचेरीतील खुर्ची मिळावी, ही आकांक्षा आपल्यात काही नवी नाही. तीत गैरही काही नाही. परंतु विद्येची थोरवी ती किती उंच चढली यावर ठरत नसावी. ती किती खाली उतरू शकली, हेही पाहिले पाहिजे. परदेशी विद्यापीठातील संख्याशास्त्र चार मण्यांत मावेल इतके सोपे करणे, हे मला मोठ्या ग्रंथलेखनाहून कठीण वाटते. संध्याकाळी तक्ता पुरा करताना हल्ली मी प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारतो: तू निघालास खरा, पण परत कोणाकडे जाणार आहेस?