वेशीबाहेरचा मुक्काम

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नवा माणूस आला की पंचतारांकित काय आहे ते शोधतो. आम्हाला तारे दिसतात ते रात्रपाळी सुटल्यावर, मान वर केली तर. खाली मात्र ट्रकांची रांग. माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर तिथंच राहतात. आरशाला टॉवेल, चाकाच्या आडोशाला स्टोव्ह, त्यावर रटरटणारा भात. वर्षानुवर्षं मी या रांगेला वळसा घालून कामावर गेलो. तो संसार आहे हे कळायला जर्मनी गाठावी लागली.

मुलगा तिकडं नोकरीला. म्हणाला, "बाबा, हॉटेलं नकोत, कॅम्परव्हॅन घेऊ." गाडीतच बिछाना, शेगडी, बेसिन. हिनं दुसऱ्याच दिवशी खिडकीला दोरी बांधून टॉवेल वाळत घातला. तो टॉवेल कुठंतरी पाहिलाय असं वाटत राहिलं.

रोथेनबुर्ग हे तटबंदीतलं जुनं गाव. लाकडी चौकटींची रंगीत घरं, उतरत्या कौलांची छपरं. वेशीपाशी मुलगा म्हणाला, "एवढी मोठी गाडी आत कुठं लावणार?" तेव्हा तटाबाहेर मुक्काम टाकला आणि चालत आत शिरलो. प्लोनलाइन नावाच्या कोपऱ्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात, मधे एक पिवळं घर. त्याच्यासमोर फोटोसाठी हीऽ गर्दी. जोतिबाच्या चैत्र यात्रेत खांदे घासलेल्या माणसाला गर्दीचं भय नाही. पण तिथं सगळ्यांची तोंडं देवाकडं असतात. इथं जो तो घराला पाठ करून उभा.

गर्दीला कंटाळून तटावर चढलो. मार्च १९४५ मध्ये गावावर बॉम्ब पडले, तटही ढासळला. पुढं जगभरच्या लोकांनी पैसे दिले आणि तो पुन्हा उभा राहिला. देणाऱ्यांची नावं भिंतीतल्या दगडांवर कोरलेली आहेत. आपल्याकडं देवळाच्या पायरीवर, फरशीवर असतात तशीच. नावं वाचता वाचता परकेपण थोडं सैल झालं.

खरं गाव दिसलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही वेशीबाहेरच झोपलेलो, त्यामुळं सहलीच्या बसगाड्यांच्या आधी आत पोहोचलो. बेकरीतून पावाचा वास येत होता. एक आजीबाई उंबऱ्यापुढचा दगड झाडत होत्या. झाडू थांबवून त्यांनी मान हलवली, मीही हलवली. कालच्या आख्ख्या दिवसात माझ्याकडं कुणी पाहिलं नव्हतं, आणि मी तरी कुणाकडं पाहिलं होतं? दहा वाजता पहिली बस आली. आजीबाईंनी दार लावून घेतलं.

परत आल्यावर पहिल्याच पाळीला रांगेतल्या एका ट्रकापाशी थांबलो. ड्रायव्हर बीडकडचा. चहा उकळत होता. न विचारताच त्यानं दुसरा पेला पुसला.

"कोल्हापूर बघितलं का? अंबाबाई?"

"बारा वर्षं येतोय, साहेब. देवीला जायचं राहिलंच. एवढी मोठी गाडी घेऊन आत कुठं जाऊ?"

चहा गरम होता. पाळीचा भोंगा झाला तरी मी पेला संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.