नाण्याची झीज

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत आमच्या वर्गाची सहल गेली होती. एका मुलाने विचारले, "गुरुजी, ज्या नाण्यावर राजाचे नाव नाही, सालही नाही, त्याचे वय कसे कळायचे?" मला ठाऊक नव्हते. "गप्प बस," मी म्हणालो. (मास्तरांचे हे ब्रह्मास्त्र!)

पुढे दामोदर धर्मानंद कोसंबींविषयी वाचले. १९०७ साली गोव्यात जन्मलेले हे गृहस्थ पेशाने गणिती. नाण्यांचा नाद लागला आणि इतिहासात शिरले. तक्षशिलेची चांदीची आहत नाणी त्यांनी सूक्ष्म तराजूवर एकेक करून तोलली. नाणे हातोहाती फिरते तसे कणाकणाने झिजते. एकट्यादुकट्या नाण्यावरून काही ठरत नाही. पण पुष्कळ नाण्यांची सरासरी काढली की जुने कोणते, नवे कोणते, ते वजनच सांगते. पडताळा म्हणून त्यांनी बाजारात चालणारी नाणीही तोलली!

तो मुलगा मधेच शाळा सोडून पोलादपूरला एका वाण्याच्या दुकानात तराजूपाशी बसला. परवा तिथे साखर घेतली. तो सुटे पैसे परत देऊ लागला.

"थांब," मी म्हणालो, "आधी तुझ्या त्या प्रश्नाचे उत्तर देतो."

"कोणता प्रश्न, गुरुजी?"