रुजू न झालेला

खुलताबादेत उतरून ‘मकबरा कुठं आहे?’ असं कुणालाही विचारा. बहुतेक जण औरंगजेबाच्या कबरीकडं बोट दाखवतील. एखादा मलिक अंबरच्या कबरीचा रस्ता सांगेल, एखादा जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याचा. पहिल्या निजामाची, आसफजाहची कबरही याच गावात आहे. इतकी थोर मंडळी एका गावात झोपलेली असताना, ज्याच्या पोटात कुणीच झोपलेलं नाही अशा एका मकबऱ्याची आठवण चटकन कुणाला होत नाही, हे साहजिक आहे. त्यात त्याची स्वतःचीही थोडी चूक म्हणायची. गावाच्या वस्तीबाहेर, दर्ग्यांच्या गर्दीपासून अंग चोरून तो उभा राहिला.

तो जन्माने दख्खनी, पण चेहऱ्याने तुर्की. दख्खनी घुमट कसा असतो ते आपल्याला सवयीने ठाऊक आहे. मानेशी कमळाच्या पाकळ्या, मग गोलाईने फुगत जाणारं अंग आणि वर टोक. बीबी का मकबरा पाहत वाढलेल्या डोळ्यांना घुमट म्हणजे तसाच असावा असं वाटतं. तुर्की घुमट तोरा मिरवत नाही. तो भिंतींवर बसका बसतो, अर्धगोल, आजूबाजूच्या टेकड्यांशी स्पर्धा न करणारा. सातमाळ्याच्या सपाट माथ्यांच्या डोंगरांत ही ठेवण खरं तर शोभते. तरी पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पाहुणाच वाटतो. हा इथला नव्हे, कुठून तरी आलाय, एवढं कळतं.

तो आला इस्तंबूलहून, नीस आणि हैदराबाद अशी वळणं घेत.

१९२२च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेने सुलतानपद मोडीत काढलं आणि अब्दुल मजीद यांना खलिफा म्हणून निवडलं. गादी नाही, सैन्य नाही, नुसती धर्माची प्रतिष्ठा. तीही सोळा महिन्यांतच गेली. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त झाली आणि त्याच रात्री खलिफांना दोल्माबाहचे राजवाड्यातून मोटारीने चटल्जा या स्टेशनावर नेऊन युरोपकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं गेलं. आधी स्वित्झर्लंड, मग फ्रान्समधलं नीस. चारशे वर्षं जगातल्या सुन्नी मुसलमानांचं नेतृत्व सांगणाऱ्या उस्मानी घराण्याचा हा वारस समुद्रकाठच्या भाड्याच्या बंगल्यात राहू लागला, आणि त्या बंगल्याचा खर्च निघू लागला हैदराबादेतून. निजाम मीर उस्मान अली खान त्यांना दरमहा तीनशे पौंड पाठवत असे. चिक्कूपणाच्या दंतकथा ज्याच्या नावावर आहेत, त्याच निजामाने हे पैसे पाठवले, हे इथं नोंदवून ठेवलं पाहिजे.

खिलाफत म्हटली की आपल्याला गांधीजी, अलीबंधू आणि १९१९-२०चं आंदोलन आठवतं. मुंबईत भायखळ्याचं खिलाफत हाऊस अजून उभं आहे, दर वर्षी ईद-ए-मिलादची मिरवणूक तिथूनच निघते. आंदोलन विरलं, पण शौकत अलींनी खलिफांचा नाद सोडला नाही. त्यांच्याच मध्यस्थीने १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्ये खलिफांची एकुलती एक मुलगी दुर्रूशहवार हिचं निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझम जाहशी लग्न लागलं. धाकट्याशी, मुअज्जम जाहशी नीलोफर या दुसऱ्या उस्मानी राजकन्येचं. दोन वर्षांनी दुर्रूशहवारला मुलगा झाला, मुकर्रम जाह. एका बाजूने खलिफांचा नातू, दुसऱ्या बाजूने जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाचा. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांची झोप उडवायला एवढं पुरेसं होतं.

आपला मकबरा हा या सोयरिकीचं अपत्य. गेल्या शतकाच्या चाळिशीच्या दशकात निजामाने आपल्या व्याह्यासाठी तो खुलताबादेत बांधवला. हैदराबाद सोडून खुलताबादच का? माझा आपला अंदाज असा, की निजामाच्या घराण्याचा मूळ पुरुष इथं आहे, चिश्ती परंपरेचे मोठे संत इथं आहेत. आणि आलमगीर बादशहाही इथंच, साध्या उघड्या कबरीत, जिच्याभोवतीची संगमरवरी जाळी पुढे निजामाच्याच राजवटीत बसली. खलिफाला शेजार कुणाचा द्यायचा, याचा विचार केला तर निजामाच्या मुलखात याहून मानाची जागा नव्हती.

जागा ठरली, बांधकाम झालं. तो तयार होऊन उभा राहिला. नेमणुकीचं पत्र हातात, आणि रुजू व्हायचं राहून गेलं.

खलिफा पॅरिसमध्ये २३ ऑगस्ट १९४४ रोजी वारले. शहराच्या सुटकेची लढाई रस्त्यारस्त्यांवर चालू होती, दोनच दिवसांनी जर्मन शरण आले. असल्या धामधुमीत एका परागंदा म्हाताऱ्याचं पार्थिव भारतात कोण पोहोचवणार? ते पॅरिसच्या मोठ्या मशिदीत ठेवलं गेलं. मुलीची इच्छा वडिलांना इस्तंबूलला नेण्याची. तिने पुन्हा पुन्हा खटपट केली, तुर्की सरकारने दार उघडलं नाही. दरम्यान इकडे १९४८च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि मकबरा बांधणाऱ्या मालकाच्या हातातच काही उरलं नाही. जवळजवळ दहा वर्षं पार्थिव पॅरिसला पडून होतं. अखेर १९५४ साली मदिनेत, जन्नतुल बकी या कब्रस्तानात ते विसावलं.

मदिनेपेक्षा मोठा मान तो कोणता? खलिफांचं भलं झालं. इकडे या बिचाऱ्याचं काय, हा प्रश्न कुणाच्या कागदावर आला नाही.

मला त्याच्यात रस वाटतो तो नेमका इथं. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात जुन्या वास्तूंना दुसरी नोकरी मिळण्याची उदाहरणं ढीगभर आहेत. ओर्छ्याच्या पहाडसिंह बुंदेल्याने सतराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला सोनेरी महाल आज राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय म्हणून काम करतो. सरदार गेला, मूर्ती आणि भांडी आली. पाणचक्कीने १७४४पासून दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळलं. आज ती पर्यटकांना चाक फिरवून दाखवते आणि तिच्या आवारात वक्फ मंडळाचं मुख्यालय चालतं. मकाई गेट, महमूद दरवाजा, बारापुल्ला यांनी तर बढती नाकारून जुन्याच पदावर वर्षानुवर्षं काम केलं. हत्तीघोड्यांसाठी बांधलेल्या कमानीतून रिक्षा, टेम्पो आणि शाळेच्या गाड्या जाऊ दिल्या, धडका सोसल्या, वर गर्दीच्या शिव्याही खाल्ल्या. मधल्या काळात स्मार्ट सिटीच्या निधीतून काही दरवाज्यांची डागडुजी झाली, रात्री त्यांच्यावर दिवे लागू लागले.

या सगळ्यांचं एक बरं आहे. प्रत्येकाला आधीचं काम होतं. डागडुजी करणारा वास्तुविशारद विचारतो, ही जागा पूर्वी कशासाठी होती? आणि उत्तर मिळालं की त्या उत्तराच्या आसपास नवा उपयोग शोधतो. कोठाराचं ग्रंथालय होतं, वाड्याची शाळा होते. आमच्या या मकबऱ्याला विचारलं तर तो काय सांगणार? अनुभवाच्या रकान्यात रेघ. वय ऐंशीच्या घरात, अनुभव शून्य.

त्याची इस्तंबूलमधली भावंडं मात्र दुसऱ्या नोकरीत चांगलीच रुळली. खलिफांना जिथून रात्री बाहेर काढलं तो दोल्माबाहचे राजवाडा पुढे अतातुर्कांचं निवासस्थान झाला, १९३८मध्ये ते तिथंच वारले, आणि आज तिथं तिकीट काढून लोक रांगेने झुंबरं पाहतात. बॉस्फरसकाठचा चिरागान राजवाडा १९१०मध्ये जळाला, अनेक वर्षं भिंती तेवढ्या उभ्या होत्या, आता ते महागडं हॉटेल आहे. सुलतानअहमद भागातल्या जुन्या तुरुंगाचंही हॉटेल झालं. जिथं राजकीय कैदी आणि लेखक डांबले गेले, तिथं आता पाहुणे पैसे मोजून मुक्काम करतात. हे शेवटचं उदाहरण मला फारसं रुचत नाही. भिंत जुनी ठेवली आणि तिच्यावरचा ओरखडा मात्र गिलाव्याखाली गेला, तर वाचलं काय?

पण एक उदाहरण मनापासून आवडतं आणि ते याच खलिफांचं आहे. अब्दुल मजीद उत्तम चित्रकार होते. राजपुत्राचा फावल्या वेळचा छंद म्हणून त्याकडं बघू नये, ते खरोखर चांगले होते. जनान्यातल्या स्त्रिया पियानो-व्हायोलिनवर बिथोवनचं संगीत वाजवताहेत हे त्यांचं चित्र तुर्की कलेच्या इतिहासात नेहमी दाखवलं जातं. ते स्वतःही वाद्यं वाजवत आणि उस्मानी चित्रकारांच्या संघटनेचे आश्रयदाते होते. इस्तंबूलच्या आशियाई काठावर, उस्कुदारमध्ये त्यांचा एक वाडा होता. तो आज एका मोठ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात आहे आणि अलीकडच्या वर्षांत तिथं समकालीन कलेची प्रदर्शनं भरतात. रंगीत फरशा, नक्षीचं छत तसंच राखून मधोमध आजच्या कलावंतांचं काम मांडतात. ज्या घरात मालक चित्रं काढत होता, त्या घरात पुन्हा चित्रं आली. याला मी चांगला पुनर्वापर म्हणेन.

हैदराबादनेही त्या दोघी सुनांची नावं कामाला लावली. नीलोफरच्या नावाचं रुग्णालय आज लहान मुलांच्या रडण्याने आणि ओल्या दुपट्यांनी भरलेलं असतं. दुर्रूशहवारच्या नावाचंही मुलांचं रुग्णालय आहे. घराण्याची नावं माणसांच्या तोंडी राहिली ती गाद्यांमुळे नाही, केसपेपरमुळे. आणि ज्याच्यासाठी सर्वांत देखणी वास्तू बांधली गेली त्याच्याच वाट्याला गवत आलं.

नातवाची गोष्ट याहून चमत्कारिक. मुकर्रम जाह ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या रानात राहिले, नंतर तुर्कस्तानात स्थायिक झाले आणि १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूलला वारले. त्यांचं पार्थिव हैदराबादला आणून मक्का मशिदीत दफन केलं. आजोबांना ज्या शहरात मरता आलं नाही तिथं नातू मेला आणि आजोबांना ज्या देशात यायला मिळालं नाही तिथं तो परत आला. मकबरा या वेळीही बाजूलाच राहिला.

२०२५च्या मार्चमध्ये खुलताबाद एकदम बातम्यांत आलं. औरंगजेबाची कबर हटवा म्हणून राज्यभर गदारोळ झाला, गावात पोलीस बंदोबस्त लागला. ज्या कबरीवर तीनशे वर्षांनीही माणसं भांडतात तिच्या गावातच एक मकबरा असा आहे की ज्याच्यावरून भांडायला कुणी येत नाही. भांडण नाही म्हणजे पहारा नाही, पहारा नाही म्हणजे निधीही नाही. आपल्याकडं वास्तूला लक्ष मिळतं ते दोनच कारणांनी, भक्तीने नाहीतर रागाने. तो दोन्हींतून सुटला.

कायद्याच्या हिशेबातही तो अडकलेला आहे. केंद्राच्या १९५८च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्याला अजून वीसेक वर्षं काढायची आहेत. तोवर छपराच्या फटीत पिंपळ रुजला तर तो पिंपळ कोणत्या नियमाने उपटायचा? दगडी वास्तूला पिंपळाइतका सावकाश आणि खात्रीचा शत्रू दुसरा नाही. मूळ कोवळं असताना हाताने निघतं. दोन पावसाळे उलटले की ते चिऱ्यांमध्ये शिरतं आणि मग झाड काढायचं तर भिंत उकलावी लागते. जाणकार गवंडी म्हणूनच आधी झाडं पाहतो, मग पाणी कुठून झिरपतं ते, आणि सगळ्यात शेवटी रंग. आपल्या बऱ्याच योजना नेमक्या उलट्या टोकाने सुरू होतात, आधी रंग आणि दिवे.

मग याचं करायचं काय? हॉटेल नको, हे आधी सांगतो. वेरूळच्या वाटेवर तशी हौस असणारे पुष्कळ निघतील. लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायचाही मोह होईल, घुमट तसाही छान येतो. दर्गा करायचा तर दर्ग्याला पीर लागतो. संग्रहालय करावं तर ठेवायला वस्तू नाहीत, खलिफा इथं कधी आलेच नाहीत.

मला सुचतं ते असं. हा मकबरा एका चित्रकारासाठी बांधला होता. आपल्या शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे, तिथली मुलं निसर्गचित्रणासाठी वेरूळ-दौलताबादच्या बाजूला येतच असतात. त्यांना इथं आणावं. आधी झुडपं काढावीत, पाणी झिरपू नये इतपत छप्पर सांधावं, पण भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नये. आत खलिफांच्या चित्रांच्या चांगल्या प्रती लावाव्यात आणि पावसाळा संपला की वर्षातून एकदा मुलांची चित्रं त्यांच्या शेजारी. बाहेर एक फलक हवा. त्यावर बांधणाऱ्याचं नाव लिहावं, कुणासाठी बांधला ते लिहावं, ते मदिनेत दफन झाले हेही लिहावं, म्हणजे चादर घेऊन येणारा कुणी फसणार नाही. भद्रा मारुतीला पायी निघालेले लोक श्रावणात याच परिसरातून जातात, त्यांच्यातला एखादा थांबून वाचेल आणि विचारेल, ‘खलिफा म्हणजे हो कोण?’ सांगायला तिथं एखादा विद्यार्थी बसलेला असावा. या सगळ्याला शंभर वर्षं भरण्याची वाट पाहायची गरज नाही. पहिल्या दिवशी कोयता, फावडं आणि पाच-सहा ड्रॉइंग बोर्ड पुरतील, आणि कला महाविद्यालयाच्या सहलीला खुलताबाद फाट्यावर सोडणारी एक सकाळची एस.टी.