शेगावला जायचे कसे?

‘जत्रा’ हा शब्द ‘यात्रा’ या शब्दातूनच आला, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगते. त्यांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. ‘आमच्या गावची यात्रा’ म्हणताना त्यांच्या मनात पाळणे, रेवड्या आणि तमाशाचा तंबूच असतो. जाणे आणि जिथे जायचे ते ठिकाण, या दोहोंना आपल्या भाषेने एकच नाव दिले आहे. या एकाच नावाचा अर्थ मला उमगला तो मात्र वर्गात नव्हे, तर आईबरोबर शेगावला जाताना.

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे असले तरी इथे रेल्वे नाही. आम्ही घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही सारी स्टेशने घाटाखाली. मुंबई-नागपूर लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात तिकडून गेला. खामगावच्या कापसासाठी १८७० साली जलंबहून फाटाही निघाला. कापसाला गाडी मिळाली, आमच्या वाट्याला घाट राहिला. आईचे माहेर घाटाखालचे. त्यामुळे घाट उतरणे हा तिच्या लेखी प्रवास नसून परतणे असते.

२००६ साली मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. पहिले मानधन कित्येक महिन्यांनी एकदम हाती आले, तेव्हा आईबाबांना शेगावला न्यायचे ठरले. समाधीचे दर्शन तर होतेच. पण त्या दिवसांत सगळ्या विदर्भात बोलबाला होता तो आनंदसागरचा. गजानन महाराज संस्थानाने गावाबाहेर उभारलेले ते विस्तीर्ण उद्यान, मधोमध तलाव, कन्याकुमारीच्या स्मारकाची आठवण करून देणारे ध्यानकेंद्र आणि मुलांची छोटी आगगाडी. मनोरंजन नगरी म्हणावी तर तिथे धाक देवळाचा होता, आणि देवस्थान म्हणावे तर लोक गाडीत बसायला रांगा लावत होते.

आम्ही पहाटेची एस.टी. धरली. बोथ्याच्या जंगलातून खामगाव, तिथे गाडी बदलून शेगाव, आणि पुढे संस्थानाची बस. मला हे तीन टप्पे म्हणजे तीन संकटे वाटली होती. बाबांचा एक पाय पक्षाघाताने अधू झालेला. पण त्या बसमध्ये कुणीतरी उठून त्यांना जागा दिली, सेवेकऱ्याने हात धरून उतरवले, आणि नागपूरहून रेल्वेने आलेली, डोक्यावर गाठोडे घेतलेली एक म्हातारी आईशी थेट माहेरच्या गोष्टी बोलू लागली. प्रवेशद्वारापाशी मोठ्या मोटारीतून उतरलेले कुटुंब आणि आम्ही एकाच रांगेत उभे राहिलो. आत गेल्यावर बाबा छोट्या आगगाडीत बसले. आयुष्यभर प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सहली नेणारा हा माणूस स्वतः कधी कुठल्या पाळण्यात बसला नव्हता. गाडी वळणावर आली तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहून हात हलवला. त्यांची माझ्या मनात राहिलेली सर्वांत आनंदी मुद्रा तीच.

पुढे बाबा गेले. मध्यंतरी काही वर्षे आनंदसागरही बंद राहिले. मी कायम झाले आणि २०१८ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मोटार चालवायला शिकले. हे लिहिताना आजही थोडा अभिमान वाटतो. स्टँडवर रात्री एकटीने ताटकळणे, धक्के, नजरा, ‘कुठं उतरणार मॅडम?’ हे सारे त्या एका किल्लीने मागे पडले. तेव्हा मोटारीला नावे ठेवून एस.टी.चे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. ऐन मध्यरात्री आईला अकोल्याला दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा हीच गाडी कामी आली होती.

पण २०१९ साली तिला त्याच गाडीने शेगावला नेले आणि वेगळेच घडले. दोन तासांच्या आत आम्ही पोचलो. वाटेत कुठे थांबलो नाही, कुणाशी बोललो नाही. गावात मात्र गर्दी. गाडी बरीच लांब लावावी लागली. आईचे गुडघे दुखत होते. तिथून देवळापर्यंत ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालली. आमच्या समोरून स्टेशनकडून आलेली बस गेली आणि देवळाजवळ थांबली. आईने तिच्याकडे पाहिले, बोलली काहीच नाही. मोटार दारापासून गावापर्यंत आणते हे खरे. पण एकदा गाव आले की मोटारवाला सर्वांत लांबचा होतो. परत निघताना ती एवढेच म्हणाली, “आलो बी न गेलो बी. मदात काहीच नाही झालं.”

हे ‘मदातले’ म्हणजे काय, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला. वॉल्ट डिस्नेने १९५५ साली लॉस एंजेलिसजवळ डिस्नेलँड उघडले ते मोटारींच्या महामार्गालगत. आत मात्र त्याने उद्यानाला वळसा घालणारी आगगाडी ठेवली. आगगाडीचे त्याला वेडच होते. त्याच काळात त्या शहराची जुनी विजेची रेल्वे एकेक मार्ग बंद करत होती. तिचा शेवटचा मार्ग १९६१ साली बंद झाला. म्हणजे लोक मोटारीने येऊन तिकीट काढून आगगाडीत बसू लागले. बाहेर जे मोडले ते आत खेळणे म्हणून विकत मिळाले. आपल्याकडे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड झाले, तेव्हा खाडी ओलांडायला बोट होती; जत्रेची सुरुवात त्या बोटीतच होई. २०१३ साली खोपोलीजवळचे इमॅजिका आले ते द्रुतगती मार्गाच्या भरवशावर. आणि आता आमच्याच जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजावरून, समृद्धी महामार्ग गेला आहे. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. ज्याच्यापाशी चार चाके आहेत त्याला जग जवळ आले. ज्याच्यापाशी दोनच आहेत, त्याने तो रस्ता पुलाखालून पाहायचा.

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला. आईला पंचाहत्तरावे लागले आणि एका सकाळी ती शेजारच्या काकूंना घेऊन निघाली. पिशवीत आधार कार्ड, भाकरी आणि गुडघ्याला चोळायचे तेल. मी म्हटले, थांब, रविवारी गाडीने नेते. तिने चप्पल सरळ केली. “तुह्या सवडीनं मी किती दिवस जाऊ? मले कोनाले इचारा लागत नाही आता.”

ते ऐकून वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू? मोटारीने मला जे दिले, नेमके तेच माझी मोटार तिच्याकडून काढून घेत होती, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी सोय देत होते; तिला हवे होते आपल्या मनाने निघणे. संध्याकाळी ती परतली ती थकून, पण भरभरून बोलत. खामगावला वाहकाने जागा मिळवून दिली, परतताना कुणा सुनेने सासूचे गाऱ्हाणे सांगितले. माझ्यासाठी शेगावची कचोरी होती, थंड झालेली.

आता आम्ही तडजोड केली आहे. वर्षातून एकदा मी तिच्याबरोबर एस.टी.ने जाते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. वाहक येतो तेव्हा ती कार्ड दाखवते आणि माझ्याकडे बोट करून म्हणते, “हिचं अर्धं.” घाट सुरू झाला की खिडकीची जागा माझी असते. तिला खिडकी लागत नाही. ती शेजारणीशी बोलत असते.